मगदूम सरांचं सेव्हन

लॅपटॉप घेऊन कुणी मगदूम सरांच्या केबिनमध्ये गेलं की सर आधी लॅपटॉपकडे बघत नसत. ते त्या माणसाच्या मागे, दाराकडे बघत आणि विचारत, "घरचं कोण आलंय का बरोबर?"

"नाही सर. नुसतं अपग्रेड करायचंय."

"नुसतं? अपेंडिक्सवालाबी नुसतंच म्हणतो. बॅकअप घेतलायस?"

"नाही."

"मग बोलवून घे घरच्यांना. नंतर रडायला माणूस लागतंय. मी रडणार न्हाई, मला पुढचा तास हाय."

मगदूम सर सांगलीतल्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅबचे प्रमुख होते. ‘प्रमुख’ हा शब्द दारावरच्या पाटीवर होता. प्रत्यक्षात त्यांच्या हाताखाली शिपाई सदाभाऊ आणि मनात आलं तर फिरणारा एक पंखा, एवढाच कर्मचारीवर्ग होता. सर उंच, किरकोळ अंगाचे. पांढरा हाफ शर्ट. इतर प्राध्यापक खिशाला पेन लावतात, सरांच्या खिशाला स्क्रू ड्रायव्हर असे. शिकवताना ते कुणाला नापास म्हणत नसत. "तू हुशार हायस, फक्त ते अजून कुणाला कळलं न्हाई," असं म्हणत. ज्याला म्हणत, तो आठवडाभर वर्गात मागच्या बाकावर बसे.

मी आटपाडीकडची. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज बघितलं नव्हतं. आजोबा मेंढरं घेऊन कोकणापर्यंत फिरायचे, वडिलांनी, आबांनी, थोडी मेंढरं ठेवून डाळिंब लावलं. माझ्याकडे जो लॅपटॉप होता तो मिलिटरीतल्या चुलतभावाने वापरून दिलेला. त्याच्यावर जुनी सिस्टीम होती, विंडोज सेव्हन. आमच्या प्रॅक्टिकलला जे लागायचं ते टेनच्या खाली चालत नव्हतं. म्हणून मी सरांकडे गेले. सरांनी दाराकडे बघून नेहमीचा प्रश्न विचारला आणि घरच्यांना बोलवायला सांगितलं.

तो सरांचा विनोद असतो हे पहिल्या वर्षाच्या मुलीला कोण सांगणार? मी आबांना फोन केला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आबा माझ्याबरोबर आले. लग्नाला घालायचा शर्ट, पांढरी टोपी आणि हातात डाळिंबांची पिशवी. केबिनच्या दारात चपला काढून ते आत गेले. सरांनी वर बघितलं आणि माझी खात्री आहे, त्यांच्या लक्षात सगळं आलं. पण ते हसले नाहीत. उठून त्यांनी खुर्ची पुढे केली.

"आवं सर, पोरीचं काय बिघडलंय?"

"पोरगी ठणठणीत हाय. लॅपटॉपचं वय झालंय."

"जगंल न्हवं?"

"आपल्या हातात प्रयत्न. बाकी वरच्याच्या आणि लाइटच्या हातात."

आबांनी गंभीरपणे मान हलवली. लाइटचा अनुभव त्यांना होता. मग सरांनी त्यांना अपग्रेड म्हणजे काय ते समजावलं. आम्हाला त्यांनी तेच वर्गात सांगितलं तेव्हा फळ्यावर तीन आकृत्या काढल्या होत्या आणि कुणालाही कळलं नव्हतं. आबांना म्हणाले, "कळप तोच राहणार, वाडा नवा बांधायचा. आता वाडा पाडताना मेंढरं आतच ठेवून चालंल का?"

"कसं चालंल. आदी मोजून शेजारच्या वाड्यात घालायची."

"त्येलाच बॅकअप म्हणत्यात. तुमच्या लेकीनं घेतला नव्हता."

आबांनी माझ्याकडे जे बघितलं ते मी अजून विसरलेले नाही. पुढे लॅपटॉपवर टक्के सरकायला लागले तसे आबा खुर्चीच्या कडेला बसून एकटक बघत राहिले. सर दुसऱ्या कामाला लागले. पडदा उजळला तेव्हा आबांनी सुस्कारा टाकला, डाळिंबं टेबलावर ठेवली आणि जाता जाता सरांच्या लॅपटॉपकडे बोट दाखवलं.

"सर, ह्यो तुमचा तर लय जुना दिसतोय. आमच्या सोसायटीत असाच हाय. तुमी न्हाई का बदलला?"

सर लॅपटॉप मिटत म्हणाले, "ह्यात एक भाडेकरू राहतो. त्याला नवं घर मानवत न्हाई."

हा भाडेकरू सगळ्या कॉलेजला माहीत होता. अख्ख्या सांगलीचे लॅपटॉप टेनवर नेणाऱ्या सरांचा स्वतःचा लॅपटॉप सेव्हनवर होता आणि त्याचं कारण त्यांनी तरुणपणी लिहिलेला एक प्रोग्रॅम. परीक्षेला कोण कुठे बसणार हे तो ठरवायचा. सरांनी त्याचं नाव आसनव्यवस्था ठेवलं होतं. मुलं त्याला ताटातूट म्हणत.

कारण तो नंबरवारीने बसवतच नसे. कॉपी मित्रांत होते आणि मैत्री एसटीत होते, असा सरांचा सिद्धान्त होता. म्हणून प्रवेश घेताना ते प्रत्येकाला गाव आणि गाडी विचारत. कुंडलच्या गाडीने येणारा एक मुलगा खिडकीशी बसला, तर दुसरा थेट जिन्याच्या पलीकडच्या वर्गात. आमच्या वर्गातल्या संदीपने एकदा चलाखी केली. गाव कुंडल, पण गाडीच्या जागी तासगाव लिहिलं. सर दुसऱ्या सकाळी स्टँडवर उभे. संदीप कुंडलच्या गाडीतून उतरला तेव्हा सर त्याला म्हणाले, "ये. तासगाव कसं काय म्हणतंय?" त्या परीक्षेला संदीपची सोय ग्रंथालयात झाली, एकट्याची, ज्ञानकोशांच्या शेजारी.

मला स्वतःला ताटातुटीची भीती वाटायची. पहिल्या वर्षी मी ज्या हॉलमध्ये बसले तिथे ओळखीचं म्हणावं असं फक्त भिंतीवरचं घड्याळ होतं. कॉपी करण्याइतकं धाडस माझ्यात नव्हतंच, पण ते प्रोग्रॅमला कुठे माहीत?

तर हा प्रोग्रॅम सेव्हनच्या पुढे चालत नव्हता. सरांनी तो इतरांच्या नव्या मशीनवर घालून बघितला होता. मग दुरुस्त करून नव्या सिस्टीमजोगा का करत नाहीत? त्यासाठी मूळ लिखाण लागतं, ज्याला सोर्स म्हणतात. आणि तो कुठे आहे, या प्रश्नावर स्टाफरूममध्ये सगळे चहात बघायला लागत.

सरांचं बालपण कोयनानगरला गेलं. वडील धरणाच्या प्रकल्पावर कारकून. तिथे जमीन अधूनमधून हलायची, त्यामुळे त्यांच्या आईने कधी भांडी फळीवर मांडली नाहीत. सगळं खाली, भिंतीशी. सरांच्या बोटांत ते कायमचं उतरलेलं. दोन ओळी लिहिल्या की कंट्रोल एस. नुसतं वाचत असले तरी कंट्रोल एस. आम्हाला म्हणत, "तुमी सपाटीवरची माणसं. तुमाला वाटतं, खाली ठेवलेलं खालीच राहतंय."

अशा माणसाने अर्थातच सोर्सच्या दोन प्रती केल्या होत्या. दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर. इथपर्यंत कोणत्याही पुस्तकात घालावं इतकं चोख.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी लॅबमध्ये हत्यारांची पूजा असते. कॉम्प्युटरना झेंडूच्या माळा, कीबोर्डला हळदकुंकू, प्रिंटरपुढे नारळ. सर देवाधर्माचे भारी नव्हते, पण पूजेला काय ठेवायचं असा प्रश्न आला तेव्हा ते म्हणाले, माझं हत्यार हेच. आणि दोन्ही पेनड्राइव्ह एकाच ताटात, कुंकू लावून, फुलांत ठेवले. सुट्टीनंतर सदाभाऊंनी लॅब स्वच्छ केली. माळा, पानं, फुलं, ताटातलं सगळं एका पिशवीत भरलं आणि रीतीप्रमाणे घाटावर जाऊन कृष्णेत सोडलं.

सरांनी विचारलं तेव्हा सदाभाऊ म्हणाले, "कुंकू लावल्यालं हुतं सर. मला वाटलं, द्येवाचं हाय."

सरांनी रिकामं ताट उचलून बघितलं म्हणे. मग म्हणाले, "बरोबर हाय तुझं. पुण्य लागलं तर निम्मं माझ्या नावावर कर."

हे माझ्या येण्याआधीचं. आम्हाला ते दरवर्षी पहिल्या तासाला ऐकायला मिळे, त्यांच्याच तोंडून. बॅकअप दोन घ्या आणि एका ताटात ठेवू नका, हा त्या तासाचा सारांश. पण त्याचा अर्थ असा होता की सरांचं आयुष्यातलं एकुलतं एक स्वतःचं काम आता त्या जुन्या लॅपटॉपवर चालू होतं, म्हणून होतं. सेव्हन गेलं की ते गेलं.

लॅबच्या फळ्यावर एका कोपऱ्यात ‘आजचे रोगी’ असा चौकोन असे. ज्याच्या पेनड्राइव्हमध्ये व्हायरस सापडेल त्याचं नाव तिथे लिहिलं जाई. पूर्ण नाव, वडिलांसकट. आमच्या शेवटच्या वर्षी, प्रोजेक्ट द्यायच्या तोंडावर, एका सकाळी लॅबमधल्या सगळ्या मशीनवर फोल्डर गायब आणि त्यांच्या जागी नुसते शॉर्टकट. कुणाचंच प्रोजेक्ट उघडेना. सरांनी दोन दिवस बसून बहुतेकांचं परत काढलं. संदीपचं निघालं नाही. त्याने बॅकअप घेतला होता, पण तोही लॅबमध्येच.

रोगी कोण, याची आम्हाला उत्सुकता होती. संशय वाटून झाले होते. तिसऱ्या दिवशी लॅबमध्ये शिरलो तर चौकोनात सरांच्या अक्षरात त्यांचं स्वतःचं नाव. पूर्ण, वडिलांसकट.

झालं होतं असं. सेव्हनला आता कंपनीकडून सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं बंद झालं होतं. व्हायरस आधी सरांच्या लॅपटॉपमध्ये शिरला. आसनव्यवस्थेच्या याद्या छापायला सरांनी पेनड्राइव्ह ऑफिसात नेला, तिथून तो लॅबमध्ये आला.

"तुमच्या पेनड्राइव्हला मी सोवळ्यानं हात लावत होतो," सर म्हणाले. "रोगराई माझ्याच घरातनं निघाली. संदीप, लिहायला लाग. मी बसतो तुझ्याबरोबर."

"राहू दे सर. होतंय." संदीप सरांच्या लॅपटॉपकडे बोट दाखवून म्हणाला, "तुमी त्याचं नेट काढून टाका की. नुसता ताटा... आसनव्यवस्थेपुरता ठेवा."

"आणि याद्या? त्या काय तोंडानं सांगू? छापायला पेनड्राइव्ह लावायलाच लागणार. दारू सोडली म्हणायचं आणि बाटली कपाटात ठेवायची, असं किती दिवस चालंल?"

"पण सर, प्रोग्रॅम जाईल."

"तुझं प्रोजेक्ट गेलं नव्हं? तू काय मेलास?"

ही सरांची माफी मागायची पद्धत होती. संदीपला ती कळली असावी, कारण तो हसला.

शनिवारी प्रॅक्टिकलच्या वेळी सरांनी स्वतःचा लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला. "आजचा विषय अपग्रेड. पेशंट माझा. बघून घ्या, पुन्हा दाखवणार न्हाई."

मागून संदीपने विचारलं, "सर, घरचं कोण आलंय का बरोबर?"

वर्गाला वाटलं आता काही खरं नाही. सरांनी चष्म्यावरून सगळ्यांकडे एकदा बघितलं. "हे काय, सगळे बसलेत की."

बॅकअप घेतला होता, चार्जर लावला होता. सगळं शास्त्राप्रमाणे. मग बटण दाबायच्या आधी त्यांनी आसनव्यवस्था उघडली. करडा चौकोन, जाड अक्षरं, आमची सगळ्यांची नावं, गावं, गाड्या. त्यांनी आमच्याच वर्गाची शेवटची यादी करायला घेतली.

"आटपाडीची गाडी अजून पावणेआठलाच येते का गं?"

मी घुटमळले. खोटं बोलणं जमत नव्हतं. "सर, ती गाडी लॉकडाऊनपासून बंद आहे. मी आणि सुरेखा इथंच खोली घेऊन राहतो."

"आणि कुंडलची?"

"गाडी हाय सर," संदीप म्हणाला, "पण आमी बाइकवरनं येतो."

"आमी म्हणजे?"

"मी आणि पलूसचा नितीन."

"आणि नितीनची गाडी माझ्याकडं वेगळी हाय. म्हणजे ज्या गाड्यांत तुमी बसतच न्हाई, त्यातनं मी तुमाला आणून उतरवत होतो. आणि त्यावरनं बसवत होतो."

पडद्यावर आम्ही सगळे बंद पडलेल्या, सोडलेल्या गाड्यांच्या नावांपुढे ओळीने उभे होतो. सरांनी कंट्रोल एस दाबलं, चौकोन बंद केला आणि अपग्रेड सुरू केलं.

नवा लॅपटॉप असता तर तासाभराचं काम. हा म्हातारा होता. टक्के सरकायचे, थांबायचे, पडदा काळा व्हायचा, पुन्हा उजळायचा. तास संपला तरी कुणी उठलं नाही. सर जैन, त्यांचं जेवण दिवस मावळायच्या आत असे. काहीही काम असो, खिडकीतलं ऊन नारळाच्या झाडामागे गेलं की ते डबा उघडत. प्राचार्य बोलवायला आले तरी "सूर्याला थांबायला सांगा, मग येतो," असं म्हणत. त्या दिवशी ऊन झाडामागे गेलं. सदाभाऊंनी डबा आणून टेबलावर ठेवला. सर पडद्याकडे बघत होते. ऊन भिंतीवरून गेलं, कुंपणावरून गेलं. सदाभाऊ दोनदा खाकरले. मग त्यांनी डबा गुपचूप उचलला आणि दिवे लावले.

शेवटी निळ्या पडद्यावर अक्षरं आली, की आम्ही तुमच्यासाठी सगळं सज्ज करत आहोत.

"माझ्यासाठी," सर म्हणाले. "केवढा मान."

नवा पडदा आला, स्वच्छ, चकचकीत. कोपऱ्यात आसनव्यवस्थेचं चित्र जिथल्या तिथे होतं. ते बघून आमच्यातल्या दोघांतिघांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी त्यावर दोनदा टिचकी मारली. मधोमध एक पाटी आली. सरांनी ती वर्गात धडा वाचावा तशी मराठीत करून वाचली.

"हा प्रोग्रॅम तुमच्या कॉम्प्युटरवर चालू शकत नाही. अधिक माहितीसाठी प्रोग्रॅम तयार करणाऱ्याशी संपर्क साधा."

आम्ही हसलो, सरांच्या आवाजाला नेहमी हसायचो तसे. मग एकेक जण थांबला.

"करणारा इथंच बसलाय म्हणावं त्याला," सर म्हणाले. "काय विचारायचं ते विचार."

नव्या सिस्टीमने काही विचारलं नाही. सरांनी बाण त्या पाटीच्या फुलीवर नेला आणि ती मिटवली. "चला. सदाभाऊला कुलूप लावायचंय. सोमवारी प्रोजेक्ट आणा, आणि बॅकअप घरी ठेवून या."

त्या उन्हाळ्यात सर निवृत्त झाले. निरोपसमारंभात त्यांना शाल आणि एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. प्राचार्यांनी भाषणात त्यांना काळाच्या पुढे असणारे म्हटलं. सर घड्याळाकडे बघत होते. नंतर ते रहिमतपूरला मुलीकडे राहायला गेले असं कळलं. आम्ही काही जण पुढच्या शिक्षणाला त्याच कॉलेजात राहिलो, मी आणि सुरेखाही. परीक्षेचं काम आता नव्या पोर्टलवर होतं. आसनव्यवस्था एका मिनिटात होते, असं ऑफिसात अभिमानाने सांगत. नंबरवारीने लावायला मिनिटसुद्धा लागतं, याचंच मला नवल वाटे.

हिवाळ्यातल्या पहिल्या पेपरला मी बोर्डापाशी गेले तर याद्यांपुढच्या गर्दीत सर उभे. हाफ शर्टावर स्वेटर, चष्मा कपाळावर, एक बोट यादीवरून खाली सरकत चाललेलं. मुलं त्यांच्या काखेखालून वाकून आपले नंबर बघत होती.

"सर, तुम्ही इकडे?"

"पेन्शनचं काम होतं. सहज आलो." रहिमतपुराहून सांगलीला, पेपरच्या दिवशी, सकाळी सहज. ते पुन्हा यादीकडे वळले. "तुझा नंबर सांग."

मी सांगितला. बोट खाली आलं, थांबलं.

"पुढं कोण हाय तुझ्या?"

"सुरेखा, सर."

"कुठली सुरेखा?"

"आमच्याच गावची. खोलीवर एकत्र राहतो त्या."

सरांचं बोट आमच्या दोघींच्या नंबरांवर होतं. एकावर एक, मध्ये रेघसुद्धा नाही. मला वाटलं आता एक वाक्य येणार आणि ते मी वर्षभर विसरणार नाही. ते सुरुवात करणारही होते, कारण ओठांचा एक कोपरा नेहमीसारखा वर गेला. मग त्यांनी माझ्या हातातल्या पाण्याच्या बाटलीकडे बघितलं. तिचं झाकण मी सारखं उघडत होते, लावत होते, पेपर कितीही झाले तरी माझं तेच.

"बरं झालं की," ते म्हणाले. "घाबरलीस तर ओळखीची वेणी दिसंल पुढं."

"हो, सर."

"एकदाच बघायची."

घंटा झाली. मी हॉलमध्ये जाऊन बसले. सुरेखा आधीच बसली होती. खिडकीतून बोर्ड दिसत होता. गर्दी ओसरली होती आणि सर एकटेच तिथे होते. पहिलं पान संपवून ते दुसऱ्या पानावर आले होते, बोट ओळीवर, मान थोडी तिरकी. पर्यवेक्षक पेपर वाटत पुढच्या रांगेत आले. मी सुरेखाच्या वेणीकडे बघितलं आणि मान खाली घातली.